पावडरच्या डब्यातला भूगोल

माझ्या सासऱ्यांचं केस कापण्याचं दुकान आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आरशाखाली संगमरवरी फळी आणि थांबणाऱ्यांसाठी कडेला एक बाक. दुसऱ्या खुर्चीवर कित्येक वर्षांत कोणी बसलेलं नाही, तिच्यावर टॉवेल वाळतात. आरशाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, अगदी छताखाली, एक टीव्ही टांगलेला आहे. तो तिथेच का, तर प्लग तिथे आहे म्हणून. टीव्ही माझ्या नवऱ्याने लावला, आणि हातभर वायर वाचत असेल तर माझा नवरा खुर्च्या छताला टांगायलाही तयार होईल. टीव्हीची ही जागा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिने केला आहे.

केस कापणारा माणूस दिवसभर आरशाकडे तोंड करून उभा असतो. बाबा, म्हणजे माझे सासरे, गिऱ्हाइकाशी बोलतात ते आरशातून, दारात कोण आलं ते बघतात तेही आरशातून. मी डबा द्यायला गेले तरी ते आरशातल्या मला म्हणतात, "ठेव तिथे." दुकानात त्यांनी कोणाकडे मान वळवून सरळ पाहिलेलं मला तरी आठवत नव्हतं. मग टीव्हीसुद्धा आरशातूनच. रोज संध्याकाळी सात वाजता, दुकान भरलेलं असताना, प्रश्नमंजुषा लागते. चकचकीत कोटातला सूत्रसंचालक, घाम फुटलेला स्पर्धक, पडद्यावर एक प्रश्न आणि खाली चार पर्याय. गेली अकरा वर्षं बाबांनी तिचा एकही भाग चुकवलेला नाही, आणि एकही भाग सरळ पाहिलेला नाही.

लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा सासूबाईंनी चहात साखर किती विचारलं आणि बाबांनी विचारलं, "भूगोल शिकवतेस म्हणे?"

"हो," मी म्हटलं. जरा ताठ बसून म्हटलं, कारण माझं त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण झालेलं आहे.

"मग सांग. ज्याला स्वतःला समुद्र नाही, आणि ज्याच्या एकाही शेजाऱ्याला समुद्र नाही, असे देश जगात किती?"

मी चहाचा मोठा घोट घेतला.

"दोन," बाबा म्हणाले. "लिश्टेनस्टाइन आणि उझबेकिस्तान. टपालवाल्याच्या डाव्या कानापाशी आहे तो प्रश्न."

माणसाचं काहीतरी बिनसलं आहे, असं मला वाटलं. घरी जाऊन अ‍ॅटलास उघडला. उत्तर बरोबर निघालं आणि त्याचाच मला जास्त राग आला.

लग्न होऊन त्या घरात राहायला गेल्यावर टपालवाल्याच्या कानाचा उलगडा झाला. प्रश्न येतो तेव्हा बाबांच्या हातात कात्री असते. लिहिता येत नाही, थांबता येत नाही. म्हणून त्या क्षणी ज्या डोक्यावर हात असेल, त्या डोक्यावर ते प्रश्न ठेवून देतात. उझबेकिस्तान टपालवाल्याच्या कानापाशी. मंगोलियाची राजधानी उलानबातर बेकरीवाल्याच्या भोवऱ्यात. पनामाचा कालवा एका वकिलाच्या मानेवर, जिथे केस दोन बाजूंना फाकतात. गिऱ्हाईक उठलं की ते ब्लेडवरचा बाहेरचा कागद घेतात, कारण दाढीगणिक ब्लेड नवं आणि म्हणून दाढीगणिक एक कागद मोकळा. कागदाच्या बाहेरच्या बाजूला प्रश्न लिहायचा, आतल्या बाजूला उत्तर, पुन्हा ब्लेड गुंडाळल्यासारखी घडी घालायची आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायची. नद्यांचा डबा वेगळा, माणसाच्या शरीराचा वेगळा, शोध कोणी लावले त्याचा वेगळा. घरात असे एकवीस डबे होते. सासूबाई त्यांना एकत्रितपणे "तो कचरा" म्हणायच्या, पण पुसायच्या मात्र रोज.

"उलटी अक्षरं वाचता कशी येतात तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"फळीमुळे," ते म्हणाले. दाढीचा फेस पुसायला ते जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे वापरतात. तुकडा ओल्या फळीवर पडला की शाई फळीवर उमटते, उलटी. ती रोज पुसता पुसता त्यांना वाचायचा नाद लागला होता. टीव्ही आला तेव्हा आरशातली अक्षरं त्यांना नवी नव्हतीच.

शाळा त्यांची चौथीपर्यंत झालेली. वडिलांचा हात मोडला म्हणून गुरुजींकडून दोन महिन्यांची रजा घेतली, खोक्यावर उभं राहून लोकांची डोकी गाठली, आणि ती रजा वाढत गेली. हे ते कधी रडत सांगत नाहीत. उलट कोणी शिक्षण विचारलं की म्हणतात, "चालू आहे. सध्या रजेवर आहे." गिऱ्हाइकं हसतात. मीही हसायची. मग साठी उलटल्यावर एके दिवशी त्यांनी शालान्त परीक्षेचा बाहेरून बसण्याचा फॉर्म आणला आणि आरशाच्या कोपऱ्यात खोचला, तेव्हा त्यांचं ते बोलणं गमतीचं नव्हतं हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

भाषा, गणित, विज्ञान, इतिहास यांच्यासाठी त्यांनी प्रश्नोत्तरांची पुस्तकं आणली. रोज पहाटे बसायचे. मी म्हटलं, भूगोल मी घेते तुमचा.

"भूगोलाला नको," ते म्हणाले. "भूगोलाचे माझे सात डबे आहेत."

मला ते झोंबलं. मी मनात म्हटलं, बरं तर मग. आणि पुढचं सबंध वर्ष त्यांच्या भूगोलाकडे ढुंकून पाहिलं नाही. एका घरात भूगोलाची शिक्षिका आणि भूगोलाचा विद्यार्थी, आणि दोघांमध्ये सात पावडरचे डबे. आज विचार केला तर मला माझाच राग येतो.

निकाल लागला. चार विषयांत ते पास झाले, विज्ञानात तर आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुलांच्या वर. भूगोलात नापास. लेखी भागात उत्तम गुण, पण नकाशाच्या भागात वेगळं पास व्हावं लागतं, आणि तिथे वीसपैकी शून्य. तीन महिन्यांनी त्या एका विषयाला पुन्हा बसता येणार होतं. तीही संधी गेली तर पाचही विषय पहिल्यापासून.

बाबा निकालाचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. मी गप्प बसायला हवं होतं. पण वर्षभराची कुरबुर पोटात होती, ती बाहेर पडली.

"टीव्हीवरचं ज्ञान टीव्हीपुरतंच असतं, बाबा. चार पर्याय समोर असले की सगळ्यांनाच येतं. त्याला अभ्यास म्हणत नाहीत."

"असेल," ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली. ब्लेडच्या कागदाची घालतात तशी, बारीक.

दुसऱ्या दिवशी सात वाजता टीव्ही लागला नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं तर म्हणाले, बिघडलाय. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सासूबाई माझ्या खोलीच्या दारात आल्या. त्या सहसा दारात उभ्या राहत नाहीत, थेट आत येतात.

"डबे भंगारात द्या म्हणाले," त्या म्हणाल्या. "एकवीसच्या एकवीस. मी इतकी वर्षं त्याला कचरा म्हणत आले, पण तो मी म्हणायचा कचरा होता. त्यांनी म्हणायचा नव्हता. तू काय बोललीस त्यांना?"

मी काय बोलले ते मी सांगितलं. सासूबाई वळल्या आणि डबे पुसायला निघून गेल्या, आणि ते बोलणी खाण्यापेक्षा वाईट होतं.

म्हणून रविवारी सकाळी मी बाबांसमोर एक मोठा कोरा कागद ठेवला. माफी मागायला जीभ वळत नव्हती, तेव्हा शाळेतल्या बाईपणाचा आधार घेतला. "जगाचा नकाशा काढा. परीक्षेत काढलात तसाच. कुठे अडतंय ते बघू तरी."

त्यांनी मुकाट्याने पेन्सिलीला ब्लेडने टोक काढलं. मी आत कामाला गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा ते दुकानात निघून गेले होते आणि टेबलावर नकाशा होता. खोडरबराचा एक कण टेबलावर नव्हता.

नकाशा बघून माझं डोकं फिरलं. अमेरिका उजवीकडे, जपान पार डावीकडे. मादागास्कर आफ्रिकेच्या भलत्या बाजूला. इटलीचा बूट डावीकडे पाय करायचा तो उजवीकडे पाय करून उभा. एकही गोष्ट जागेवर नाही. अकरा वर्षं आणि सात डबे, आणि हे? मी लाल पेन घेतलं आणि फुल्या मारत सुटले. मग ती तशीच लाल झालेली चूक हातात धरून दुकानात गेले. रागाच्या भरात आपण काय करतो आहोत ते मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

खुर्चीत टपालवाला होता, गालभर फेस. बाबा त्याच्या हनुवटीपाशी होते.

"बाबा, हे काय काढलंय तुम्ही?" मी मागून विचारलं.

त्यांनी सवयीप्रमाणे आरशात माझ्याकडे पाहिलं. म्हणून मीही कागद आरशाकडे धरला, त्यांना दिसावा म्हणून. आणि मलाही दिसला.

आरशात जग होतं. अमेरिका डावीकडे, जपान उजवीकडे, जिथे ती असतात तिथे. मादागास्कर आफ्रिकेच्या पूर्वेला, सुटलेल्या बटणासारखं. कॅस्पियन समुद्राचं वाकलेलं अंग, काळ्या समुद्राचं रुंद पोट, आफ्रिकेच्या डोक्यावरची ती दोन खंडांमधली चिंचोळी सामुद्रधुनी, कामचात्काचं खाली लोंबणारं टोक, इटलीचा बूट बरोबर बाजूला. माझ्या वर्गातल्या छापील नकाशात आहे तसं सगळं, आणि हे एका माणसाने अर्ध्या तासात, काहीही समोर न ठेवता, एकदाही न खोडता काढलं होतं. फक्त माझ्या लाल फुल्या तेवढ्या त्यात चुकीच्या होत्या. मला हात खाली घेता येईना.

"बाबा, तुम्ही नकाशा कुठे पाहिलात?"

"रोज बघतो की. सात वाजता. एक प्रश्न नकाशाचा असतोच, टिंब लुकलुकतं."

"आरशात?"

"मग कुठे? मला काय पाठीला डोळे आहेत?"

टपालवाला फेसातून म्हणाला, "अहो, पण आरशात उलटं दिसतं."

"अक्षरं उलटी दिसतात, माहीत आहे मला," बाबा म्हणाले आणि त्यांचा हात थांबला. वस्तरा टपालवाल्याच्या गालापासून दोन बोटं दूर तसाच राहिला. त्यांची नजर आरशातल्या अमेरिकेवरून जपानकडे आणि परत गेली. मग हळू आवाजात म्हणाले, "अक्षरं मला आधीपासून येत होती. म्हणून ती उलटी आहेत हे कळलं. जग मला येत नव्हतं. ते जसं दिसलं तसं घेतलं."

"पेपरात कधी नकाशा दिसला नाही?"

"दिसला होता एकदा. वाटलं, छापणाऱ्याने कागद उलटा घातला."

मी हसले आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. खात्री करायला विचारलं, "मादागास्कर आफ्रिकेच्या कोणत्या बाजूला?"

"पूर्वेला."

"नकाशावर पूर्व कोणती?"

त्यांनी वस्तऱ्याचा हात डावीकडे केला. "जपान जिकडे आहे तिकडची. सगळ्यात आधी सूर्य तिथेच उगवतो ना?"

म्हणून इतकी वर्षं कोणाला पत्ता लागला नव्हता. तोंडी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबरच येणार. त्यांच्या जगात एकही गोष्ट दुसऱ्या गोष्टीशी भांडत नव्हती. नद्या योग्य समुद्राला मिळत होत्या, देशांना त्यांचे खरे शेजारी होते. मला माझ्या शाळेत भिंतीवर नकाशे होते, काचेच्या कपाटात पृथ्वीचा गोल होता, छडीने दाखवणाऱ्या बाई होत्या. या माणसाच्या दोन्ही हातांत काम होतं, पाठ पडद्याकडे होती, आणि समोर साबणाच्या शिंतोड्यांनी भरलेला आरसा होता. त्यातून त्याने रोज एका लुकलुकणाऱ्या टिंबाने सबंध पृथ्वी गोळा केली होती. अशा माणसाला मी म्हटलं होतं की याला अभ्यास म्हणत नाहीत.

"बाबा, मी चुकले," मी म्हटलं. टपालवाल्यासमोरच म्हटलं.

"तू कशी चुकशील," ते म्हणाले. "उलटा तर मी निघालो."

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडण्याआधी आमचा वर्ग सुरू झाला. अ‍ॅटलास टेबलावर, मी एका बाजूला, ते दुसऱ्या. ते मला बाई म्हणू लागले. सासूबाई चहा आणून द्यायच्या आणि विचारायच्या, "विद्यार्थी त्रास देतोय का?" पहिला आठवडा गमतीत गेला. मला वाटलं होतं, सगळं येतंच आहे, नुसतं फिरवायचं. कपड्याची उलटी बाही सुलटी करतो तसं.

पण जग तसं फिरेना. दुसऱ्या आठवड्यात मी विचारलं, "मादागास्कर?" आणि ते म्हणाले, "पश्चि... थांब." जो माणूस कधी अडखळला नव्हता तो अडखळायला लागला. त्यांच्या डोक्यात आता दोन जगं झाली आणि ती एकमेकांच्या पायात पाय घालू लागली. संध्याकाळी बाकावरच्या कोणीतरी नेहमीच्या गमतीने एक जुना प्रश्न विचारला, नद्यांच्या डब्यातला, आणि बाबांना तो आला नाही. टपालवाल्याने मला वाटेत गाठून सांगितलं, "आज त्यांनी माझा कल्ला कापायचा तो भलत्याच बाजूचा कापला." आणि मग बेकरीवाल्याच्या कानाला ब्लेड लागलं. एवढंसंच लागलं, तुरटीने थांबलं. पण त्या हाताने आजवर कोणाला ओरखडा उठला नव्हता. घरी आल्यावर बाबा आपला उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

मला भीती वाटली. परीक्षेची नाही. आपण सुधारायच्या नावाखाली या माणसाचं जग मोडतो आहोत, ते मोडल्यावर दुसरं देण्याइतका वेळ आपल्याकडे नाही, आणि आता दुकानही जाईल, अशी भीती वाटली. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते.

"बाबा, थांबूया," मी म्हटलं. "नाही झाली परीक्षा तर नाही झाली."

"वर्ग थांबवू," ते म्हणाले. "परीक्षा नाही. मी अडतीस मुलांच्या वर्गातून दोन महिन्यांसाठी उठून आलोय, बाई. मला परत जाऊन बसायचंय. पण आहे ते जग माझं मला राहू दे. ते अकरा वर्षांचं आहे. त्यात हात नको घालूस."

"मग नकाशा?"

"त्याचं बघतो काहीतरी."

त्यांनी अ‍ॅटलास मिटून माझ्या हातात दिला, आणि त्या संध्याकाळी सात वाजता टीव्ही लागला. दोन-तीन दिवसांत हात जागेवर आला. टपालवाल्याचे दोन्ही कल्ले पुन्हा सारखे झाले. नकाशाचं काय बघितलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. काही बघितलं नसेल, अशीच माझी समजूत होती.

परीक्षेच्या दिवशी ते दुपारी घरी आले आणि हात धुवायला गेले. अंगठा आणि तळवा काळेभोर झाले होते.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"नकाशा," ते म्हणाले. मग टॉवेलने हात पुसत खुर्चीत बसले आणि सांगायला लागले.

नकाशाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी एक जादा कागद मागून घेतला. त्यावर आपलं जग काढलं, जसं त्यांना येतं तसं, अमेरिका उजवीकडे आणि जपान डावीकडे. पेन्सिल मुद्दाम मऊ शिसाची नेली होती, रेघा दाबून जाड काढल्या. मग तो कागद उत्तरपत्रिकेवर पालथा घातला आणि अंगठ्याने घासायला सुरुवात केली. गाल ताणायचा तोच अंगठा. न हलवता, कडेकडेने, सगळा कागद घासून काढला.

"उचलला तर खाली उमटलेलं," ते म्हणाले. "फिकट, पण सगळं. फळीवर पेपर उमटतो ना, तसं. मी रोज सकाळी ते पुसून टाकतो, इतकी वर्षं. उलटं ते सुलटं करायची युक्ती रोज फडक्याने पुसत होतो. मग त्या फिकट रेघांवरून पेन्सिल फिरवली आणि नावं घातली."

"पर्यवेक्षक काही बोलले नाहीत?" मी विचारलं.

"आले होते. म्हणाले, आजोबा, काय चाललंय? मी म्हटलं, साहेब, माझ्याकडचं जग आरशातलं आहे, ते तुमच्या कागदावर उतरवतोय. दोन्ही कागद तुम्हीच दिलेले आहेत. ते बघत उभे राहिले. गेलेच नाहीत शेवटपर्यंत."

सासूबाई त्यांचा काळा हात हातात घेऊन बघत होत्या. "साबणाने नाही जायचं हे," त्या म्हणाल्या आणि तेल आणायला आत गेल्या. आत गेल्यावर त्यांना तेल शोधायला बराच वेळ लागला. तेल नेहमीच्याच जागी होतं.

निकाल महिन्याने आमच्या शाळेत आला. मी तो हातात घेतला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. घरी न जाता तशीच दुकानात गेले. बाक भरलेला होता, खुर्चीत बेकरीवाला, अर्धी दाढी झालेली. बाबांनी मला आरशात पाहिलं. माझ्या हातातला कागदही पाहिला. हात मात्र थांबवला नाही. त्या बाजूचा गाल त्यांनी पुरा केला.

मी कागद उलगडून आरशासमोर धरला. वाचून दाखवायचं मला सुचलं नाही, आणि वाचता आलंही नसतं. आरशात सगळी अक्षरं उलटी. बाकावरचे लोक माना वाकड्या करून प्रयत्न करत होते. बाबांना एक क्षण लागला.

"अठरा," ते म्हणाले. "दोन कशाचे गेले?"

"रेघा फिकट आहेत असा शेरा आहे," मी म्हटलं.

"बरोबर आहे. शिसं कमी पडलं." त्यांनी वस्तरा वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पुसला, मिटला, फळीवर ठेवला. बेकरीवाल्याला म्हणाले, "एक मिनिट हं." मग ते वळले. दुकानात, कामाच्या वेळी, आरशाकडे पाठ करून उभे राहिले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे इतके घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"बाई," ते म्हणाले, "रजा संपली माझी."

मी सगळ्यांसमोर रडले. ते परत आरशाकडे वळले आणि बेकरीवाल्याचा राहिलेला गाल त्यांनी करायला घेतला.